फोनमधली तालिका, कपाटातलं पुस्तक

आमच्या गावच्या वाचनालयात देवघेवीच्या काउंटरपासून कादंबऱ्यांच्या शेवटच्या कपाटापर्यंत साठ-सत्तर पावलं आणि मध्ये एक जिना. वाचक पुस्तकाचं नाव सांगतो, ग्रंथपाल मॅडम संगणकात बघतात, पडद्यावर 'उपलब्ध' दिसतं. त्या वर्गांक, म्हणजे पुस्तकाची जागा सांगणारा क्रमांक, चिठ्ठीवर लिहून देतात, काका चिठ्ठी घेऊन वर जातात आणि पाच-सात मिनिटांनी रिकाम्या हातानं खाली येतात. "जागेवर नाही." वाचक दुसरं नाव सांगतो. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा जिना. काका निवृत्तीला आलेले, आणि त्यांचे गुडघे त्यांच्याआधीच निवृत्त झालेले.

मी इथला लहानपणापासूनचा सभासद. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, घरूनच. एका पावसाळ्यात काकांच्या या फेऱ्या बघून मला वाटलं की यांच्या हातात एक फोन द्यावा, त्यात तालिका, म्हणजे सगळ्या पुस्तकांची सूची असावी, आणि प्रश्न मिटावा. प्रश्न काही तसा मिटला नाही. पुढच्या वर्षभरात काय झालं ते इथे मांडतो, कारण अशाच अवस्थेतली वाचनालयं महाराष्ट्रात गावोगावी आहेत आणि त्यातल्या एखाद्या ठिकाणी माझ्यासारखा उत्साही सभासद आत्ता लॅपटॉप उघडून बसलेला असणार.

आधी घर कसं आहे ते सांगतो. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानुसार मान्यता आणि अनुदान मिळणारं तालुक्याचं वाचनालय. साठा साठ हजारांच्या पुढे, त्यातली बरीच पुस्तकं स्वातंत्र्याआधीची. माणसं मोजकी: मॅडम, काका, एक सहायक मुलगी आणि एक शिपाई दादा. संगणकात कोहा आहे, म्हणजे वाचनालयाची तालिका आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी ही प्रणाली लिहिली गेली आणि २००० साली तिथे चालू झाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि ती खरोखरच फुकट मिळते, म्हणून आमच्या कार्यकारी मंडळाला पटली. कोहाच्या आधी दुसरं एक सॉफ्टवेअर होतं, त्याच्या आधी तालिकापत्रांचे लाकडी खण होते, आणि या सगळ्यांच्या आधीपासून आजतागायत दाखल नोंदवही आहे, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन टिपायची वही. या वहीकडे मी शेवटी येणार आहे.

पहिला अवतार मी तीन शनिवार-रविवारांत उभा केला. फोनवर शोधायची चौकट, खाली निकाल, निकालावर बोट ठेवलं की वर्गांक आणि स्थिती. मंडळातल्या सगळ्यांना आवडला. काकांनी तो चार दिवस वापरला आणि पाचव्या दिवशी पुन्हा चिठ्ठी मागितली.

मला राग आला, हे कबूल करतो. मग मी त्यांच्या मागोमाग जिना चढलो. वर गेल्यावर दिसलं ते असं. डाव्या हातात परत आलेल्या चार पुस्तकांची चवड, चश्मा कपाळावर, उजव्या हातात फोन. कपाटाचं दार उघडायचं तर फोन खिशात घालावा लागतो. खिशातून पुन्हा काढेपर्यंत पडदा विझलेला. पडदा उघडून एका अंगठ्यानं मराठी टंकायचं, तेही कपाटांमधल्या अंधारात. चिठ्ठीला यातलं काहीच लागत नाही. ती दातांत धरता येते. "मॅडमचं अक्षर चांगलं टपोरं आहे," काका म्हणाले, "तुझ्या फोनमधलं मुंगीएवढं."

शिवाय फोन त्यांना जे सांगत होता ते खाली मॅडमनी आधीच सांगितलेलं होतं. पुस्तक उपलब्ध आहे आणि त्याचा क्रमांक अमुक. काउंटरवरची खोटी माहिती मी फक्त जिन्यावरून वर नेली होती.

त्यानंतर आठवडाभर मी काहीही लिहिलं नाही, काउंटरमागे स्टूल टाकून बसलो. कर्मचारी कपाटापुढे उभे राहतात तेव्हा त्यांना पडणारे प्रश्न वाचकाच्या प्रश्नांपेक्षा वेगळे असतात, हे तिथे बसल्यावर कळलं. 'अमुक लेखकाची पुस्तकं दाखव' असं काका कधीच विचारत नाहीत, त्यांना ती पाठ आहेत. हातातलं पुस्तक नेमकं कुठे खोचायचं, आणि या फळीवर काय असायला हवं होतं जे इथे नाही, एवढंच त्यांना हवं असतं. दोन्ही प्रश्न जागेचे. आमच्या तालिकेत शीर्षक, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत सगळं होतं, जागा मात्र धड नव्हती.

जागा का नव्हती, ते वर्गांकात दडलेलं आहे. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ आणि त्यातल्या कथा-कादंबऱ्यांना ८९१.४६३. निम्मा साठा कादंबऱ्यांचाच असेल तर निम्म्या पुस्तकांच्या पाठीवर एकच आकडा येणार. म्हणून जुन्या माणसांनी घरगुती पद्धत काढली: 'का' म्हणजे कादंबरी, 'ना' म्हणजे नाटक, 'च' म्हणजे चरित्र, आणि पुढे त्या विभागातला चालू क्रमांक. का-२३१४. साधी, शहाणी पद्धत. पण संगणक ती अक्षरं म्हणून लावतो, त्यामुळे का-१ नंतर का-१०, मग का-१००, आणि का-२ कुठेतरी हजाराहून अधिक पुस्तकांनंतर. त्यात काही क्रमांकांतले अंक देवनागरी, काहींतले इंग्रजी. याचंही कारण मजेशीर निघालं. बारकोड वाचणारं यंत्र संगणकाच्या लेखी कळफलकच असतं, ते फक्त कळा दाबल्याचा निरोप पाठवतं. नोंद करणाऱ्याचा मराठी कळफलक चालूच राहिला असेल तर काही संगणकांवर तोच बारकोड देवनागरी अंकांत उमटतो. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला दोन वेगळी पुस्तकं.

ही दुरुस्ती सोपी होती. अक्षर वेगळं काढा, अंक एका लिपीत आणा, संख्या म्हणून क्रम लावा. एका संध्याकाळचं काम. पण तालिका उघडलीच आहे म्हणून शीर्षकांत डोकावलो आणि तिथे दीड महिना गेला.

मराठी शीर्षक शोधणं हा एक स्वतंत्र छळ आहे. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी जुने अनुच्चारित अनुस्वार गेले आणि शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले. त्याआधीच्या मुखपृष्ठांवर 'कांहीं', 'नांव', 'कवि', 'गुरु' असंच छापलेलं आहे आणि नोंद करणाऱ्यानं, बरोबरच केलं, जसं छापलंय तसं उतरवलं. आज शोधणारा 'काही', 'कवी' टंकतो. निकाल शून्य. वाचकाला वाटतं पुस्तक नाही, आणि ते त्याच्या डोक्यापासून दोन हातांवर असतं.

त्याहून वाईट म्हणजे दिसायला एकसारखी आणि आतून वेगळी अक्षरं. 'दऱ्या' हा शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. 'ॲ'चंही तेच. एक अखंड ॲ असतो आणि एक अ-वर चंद्र काढलेला. पडद्यावर फरक शोधून दाखवा, चहा माझ्याकडून. युनिकोडची प्रमाणित रूपं करण्याची ठरलेली कृती इथे पूर्ण उपयोगी पडत नाही, कारण तिच्या लेखी जोडचिन्हवाला र आणि ऱ एक नाहीत. आणि ज्या नोंदी जुन्या सॉफ्टवेअरमधून आल्या, त्या मूळच्या युनिकोडच्या नव्हत्याच. त्या काळच्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली असायची. रूपांतर करताना जोडाक्षर आलं की वेलांटी भलत्याच ठिकाणी चिकटायची. 'स्थिती'चं झालेलं कडबोळं मी इथे टंकूही शकत नाही.

नोंदी दुरुस्त करायच्या नाहीत, असं मॅडमनी बजावलं होतं. मुखपृष्ठावर जे आहे तेच तालिकेत राहिलं पाहिजे. त्यांचं बरोबर होतं. म्हणून प्रत्येक शीर्षकाची एक लपलेली सावली तयार केली. तिच्यात सगळे अनुस्वार काढले, सगळ्या वेलांट्या एकाच प्रकारच्या केल्या, उकारही एकाच प्रकारचे केले, ऱ-चा र केला, ॲ-चा अ केला, अदृश्य चिन्हं पुसली. शोधणाऱ्याच्या शब्दावरही हाच वरवंटा फिरवला. सावली वाचायला भयंकर दिसते, पण ती कुणी वाचत नाही. 'कांहीं' आणि 'काही' तिथे भेटतात. थोडे भलते निकालही येतात, कारण अनुस्वार गेल्यावर वेगळे शब्दही एक होतात. माझं मत असं की वाचनालयात भलतं पुस्तक दिसलेलं परवडतं, हवं ते न दिसलेलं परवडत नाही. वेलांटीचं कडबोळं झालेल्या नोंदी मात्र सहायक मुलीनं एकेक पुस्तक समोर धरून हातानं नीट केल्या. या कामात माझ्या कोडपेक्षा तिच्या दुपारी जास्त गेल्या आहेत.

दुसरा अवतार बांधताना तांत्रिक अडचणी आल्या, पण त्या भराभर सांगण्याजोग्या. वाय-फाय लोखंडी कपाटांच्या दुसऱ्या रांगेपलीकडे पोचत नव्हतं. म्हणून सगळी तालिकाच फोनमध्ये उतरवली. साठ हजार नोंदींची फक्त कामापुरती माहिती घेतली तर बारा-तेरा एमबी होते, वाढदिवसाच्या एका व्हिडिओएवढी. रोज पहाटे सर्व्हर ती फाइल तयार करतो, सकाळी फोन काउंटरवर चार्जिंगला असतात तेव्हा ती आपसूक उतरते. पडद्याच्या माथ्यावर 'आज सकाळची स्थिती' असं ठळक लिहिलं, नाहीतर दुपारी बाहेर गेलेलं पुस्तक शोधत कुणी उगीच फिरायचं. वाय-फाय मिळालं तर कोहाच्या एपीआयकडून, म्हणजे इतर सॉफ्टवेअरना माहिती देणाऱ्या खिडकीतून, त्या एका पुस्तकाची ताजी स्थिती मागवता येते.

कॅमेऱ्यानं मात्र दोन दिवस रडवलं. माझ्या लॅपटॉपवर बारकोड छान वाचला जायचा, वाचनालयाच्या फोनवर कॅमेरा उघडायचाच नाही आणि कारणही सांगायचा नाही. ब्राउझर सुरक्षित जोडणीशिवाय कॅमेरा देत नाही, आणि वाचनालयातला सर्व्हर साध्या, म्हणजे असुरक्षित, एचटीटीपी जोडणीवर चालत होता. स्वतःच्याच लॅपटॉपला मात्र ब्राउझर ही सवलत देतो, म्हणून घरी सगळं चालत होतं. स्थानिक सर्व्हरसाठी प्रमाणपत्र बसवल्यावर ते सुटलं. दुसरी भानगड अशी की दादा पुस्तक उलटं करून मलपृष्ठावरचा बारकोड वाचायचे. तो प्रकाशकाचा, ९७८ने सुरू होणारा आयएसबीएन, म्हणजे त्या आवृत्तीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. एकाच आवृत्तीच्या पाचही प्रतींवर तोच, आणि जुन्या पुस्तकांवर नसतोच. आमचा बारकोड आतल्या पानावर. आता ९७८ दिसला की फोन सांगतो, 'हा छापील आहे, आतला दाखवा.'

आणि इथेच, हा आतला बारकोड दाखवतानाच, माझी मूळ कल्पना मोडली. एका फळीवर तीस-पस्तीस पुस्तकं. प्रत्येक काढायचं, उघडायचं, पान चपटं करून धरायचं, कॅमेऱ्याचा नेम धरायचा, परत खोचायचं. जुन्या बांधणीच्या पुस्तकाचा पुठ्ठा प्रत्येक वेळी कुरकुरतो. एक कपाट होईपर्यंत शिपाई दादा घामाघूम. ओहायोतल्या मायामी विद्यापीठात काही वर्षांपूर्वी फोनचा कॅमेरा फळीवरून फिरवून चुकीच्या जागी असलेली पुस्तकं ओळखण्याचा प्रयोग झाला होता, पण त्यासाठी पुस्तकाच्या पाठीवर यंत्राला वाचता येईल अशी खास खूण चिकटवावी लागते. आमच्या पाठीवर काय, तर चौकोनी चिठ्ठी आणि तिच्यावर बोरूनं किंवा स्केचपेननं काढलेला क्रमांक. आरएफआयडीचा, म्हणजे पुस्तक न उघडता रेडिओलहरींनी वाचता येणाऱ्या चिपांचा विषय मंडळात निघाला आणि किमतीचा कागद बघून मिटला.

तेव्हा काका जे बोलले त्यावर पुढचं सगळं उभं आहे. "अरे, पाठीवरचा आकडा मला लांबून वाचता येतो. यंत्राला कशाला वाचायला लावतोस? त्यानं नुसतं सांगावं, आता कुठला आकडा यायला पाहिजे."

जुनी साठा पडताळणी अशीच व्हायची. एकजण वही धरून बसायचा, "चौदा हजार तीनशे बारा!" दुसरा कपाटातून ओरडायचा, "आहे!" वहीत पेन्सिलीचं टिंब. मार्चच्या आधी पंधरा-वीस दिवस वाचनालयात हाच घोष. आम्ही वही धरणारा माणूस फोनमध्ये घातला, एवढंच. आता फळीच्या कडेला चिकटवलेला एक बारकोड वाचायचा, की त्या फळीवर असायला हवीत ती पुस्तकं डावीकडून उजवीकडच्या क्रमानं फोनवर येतात. मोठ्या अक्षरांत क्रमांक, खाली बारीक शीर्षक. पाठी बघत जायचं. एखादं नसेल तेवढ्याच ओळीवर बोट ठेवायचं. परकं पुस्तक घुसलेलं दिसलं तर तेवढंच काढून त्याचा आतला बारकोड वाचायचा, फोन त्याची खरी जागा सांगतो. तीस वेळा पुस्तक उघडण्याऐवजी दोन-तीनदा. फोन कपाटाच्या दाराला अडकवायला दादांनी तारेचा आकडा करून आणला. मी लिहिलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा त्या आकड्याचं कौतुक जास्त झालं, आणि ते रास्त होतं.

आता एक गोष्ट, जी सांगताना मला अजून थोडं ओशाळं होतं. पहिल्या काही दिवसांत काही कपाटांचे निकाल 'सगळं आहे' असे फार लवकर येऊ लागले. मला शंका आली की माणसं न बघताच पुढे सरकतायत. तोपर्यंत यादीतून वाचकांकडे गेलेली पुस्तकं मी गाळत होतो. ती मी गुपचूप परत घातली, खूण न करता. जी बाहेर आहेत त्यांच्यावर 'नाही' असं बोट पडलं नाही, तर फळी बघितलेलीच नाही, हे मला घरबसल्या कळणार होतं.

तिसऱ्या दिवशी काका फोन घेऊन खाली आले. "ही तीन पुस्तकं लोकांनी नेलीत. तुझ्या यंत्राला माहीत नाही होय?"

"माहीत आहे, काका."

"मग विचारतं कशाला?" मी गप्प. त्यांना कळलं. "परीक्षा घेतोयस आमची."

त्या दिवशी त्यांनी फोन काउंटरवर ठेवला आणि पुढचे दोन दिवस हातात घेतला नाही. मॅडमनी मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं ते मला आधी सुचायला हवं होतं. पडताळणी म्हटलं की इथे प्रत्येकाच्या पोटात गोळा येतो. पुस्तक गहाळ निघालं की पहिली नजर कर्मचाऱ्याकडे जाते. 'सगळं आहे' हे उत्तर आळसाचं नव्हतं, भीतीचं होतं. नाही म्हटलं तर भरून कोण देणार?

मी काकांची माफी मागितली. मंडळानं ठराव केला की फोनवर 'नाही' म्हणून लागलेल्या पुस्तकांची जबाबदारी कुणा एकावर टाकली जाणार नाही, आणि कुणी कुठली फळी बघितली हे फोन साठवणार नाही. तो रकाना मी खरोखरच डेटाबेसमधून काढून टाकला. बाहेर गेलेली पुस्तकं मात्र यादीतून गाळू नकोस, असं काकांनीच सांगितलं. कारण त्या तीन दिवसांत त्यांना आणखी काही सापडलं होतं: संगणकाच्या लेखी वाचकांकडे असलेली, पण कपाटात निवांत उभी असलेली पुस्तकं. वीज गेली की परत आलेली पुस्तकं कागदावर टिपायची आणि वीज आल्यावर संगणकात चढवायची, अशी पद्धत होती. काही कागद चढलेच नव्हते. ज्यांनी पुस्तक केव्हाच परत दिलं होतं, त्या वाचकांना आम्ही स्मरणपत्रं पाठवत होतो. एकजण तर त्या वादात वर्गणी बंद करून गेले होते. मॅडम स्वतः त्यांच्या घरी जाऊन आल्या.

यादीत आता बाहेरच्या पुस्तकांपुढे स्पष्ट 'वाचकाकडे' असं लिहिलेलं असतं आणि तरीही दिसलं तर टिपायची सोय आहे. कोणत्या वाचकाकडे, हे मात्र फोनवर येत नाही. यावरून सहायक मुलीशी माझा बराच वाद झाला, कारण काउंटरवर तिला हेच सारखं विचारतात. पण फोन रिक्षात विसरतात, घरी मुलांच्या हातात जातात. कुणी काय वाचलं ही त्या माणसाची खासगी गोष्ट आहे, ती काउंटरच्या संगणकातच राहिलेली बरी. परतीची तारीख तेवढी दिसते. ती मुलगी अजूनही कुरबुरते.

जाता जाता माझ्या अहंकाराचाही हिशेब. 'नाही' आणि 'आहे'चा निकाल परत कोहात चढवण्यासाठी मी मोठा खटाटोप आखत होतो. मग कळलं की कोहाच्या पडताळणीच्या सोयीत बारकोडांची साधी मजकूर-फाइल चढवली की ते सॉफ्टवेअर प्रत्येक पुस्तकाची 'शेवटचं कधी दिसलं' ही तारीख आपोआप बदलतं आणि न दिसलेल्यांची यादीही देतं. दोनशे ओळींचं कोड मी आनंदानं खोडलं. फोन संध्याकाळी एक फाइल देतो, मॅडम ती चढवतात.

बालविभाग अजून बाकी आहे. तिथे मुलं पुस्तकं हवी तिथे ठेवतात आणि क्रम ही कल्पनाच लागू पडत नाही. पाच दिवस प्रयत्न करून आम्ही तो नाद सोडला.

मार्चमध्ये तपासणीला साहेब आले. मॅडमनी फोन दाखवला, फळीची यादी दाखवली, गहाळ पुस्तकांचा छापील तक्ता पुढे ठेवला. साहेबांनी सगळं कौतुकानं बघितलं आणि म्हणाले, "छान आहे. दाखल नोंदवही आणा." वहीत त्या वर्षीच्या रकान्यात एकही टिंब नव्हतं.

पुढचे चार दिवस काका तक्ता वाचत होते आणि मी पेन्सिल घेऊन वहीत टिंबं देत होतो. त्यातच तक्त्याची छपाई दाखल क्रमांकानं, वहीच्या पानाएवढ्याच ओळींची करून घेतली, म्हणजे पुढच्या वर्षी पान पानाला लावून टिंबं देता येतील. "जरा मोठी छाप," काका म्हणाले.